बोटभर गाळा

भिवंडीत ‘गाळा’ हा शब्द जपून वापरावा, हे मी अनुभवाने सांगते. लूमचा गाळा, गोदामाचा गाळा, भाड्याचा गाळा, विकायचा गाळा. इथे सोयरीक जमवतानाही आधी मुलाकडे गाळे किती ते विचारतात आणि मग मुलगा काय करतो ते. पण शब्द त्याहून जुना आहे. भिवंडीजवळच्या वळ गावातल्या आमच्या घरात दोन खांबांमधल्या मोकळ्या जागेला गाळा म्हणत, आणि ज्या चाचांच्या हाताखाली मी काम शिकले, ते कुठल्याही दोन वस्तूंमध्ये राहिलेल्या अंतराला गाळाच म्हणत. या एका शब्दापायी मी माझ्या आत्याची नोकरी घालवायला निघाले होते. नोकरी राहिली, तिची बोटंही राहिली. ती कशी राहिली, हे मात्र मी बरीच वर्षं कोणाला नीट सांगितलेलं नाही.

दोन हजार सालानंतरची पाच-सहा वर्षं उलटली होती. वळची भातशेतं एकामागून एक मुरमाखाली जात होती आणि त्यांच्यावर पत्र्याची लांबच लांब छपरं उठत होती. बाबांनीही आमच्या शेतावर गाळे बांधले. आत्या त्यांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी आली ती कायमची. लावणीचे दिवस सोडले तर आई शेतात आणि आत्या घरात अशी वाटणी होती, त्यामुळे मी वाढले ती आत्याच्या हाताखाली, तिचे धपाटे खात. गाळे बांधायच्या वेळी तिने जमिनीवरचा हक्क भावाच्या नावे सोडला. कागदावर अंगठा उमटवला, शाई पदराला पुसली आणि चुलीकडे गेली. कोणी तिला काही विचारलं नाही.

मग एका गाळ्यात पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आला. आत्या पहिल्याच आठवड्यात तिथे गेली आणि काम मागून आली. बाबांचा तिळपापड झाला. आपल्याच गाळ्यात आपली बहीण मजूर, लोक काय म्हणतील? आत्याचं म्हणणं असं की त्याच जागेवर तिने तीस वर्षं भाताची लावणी केली होती, तेव्हा लोक काही म्हणाले नव्हते. उत्तर नसलं की बाबा छत्री घेऊन बाहेर पडत, मग पाऊस असो वा नसो.

तिचं काम होतं पुठ्ठ्याला खळ लावायच्या मशीनवर. एकावर एक असे दोन रोलर फिरत. खालचा खळीच्या कुंडीत अर्धा बुडालेला. पुठ्ठा हाताने त्यांच्या तोंडाशी द्यायचा, रोलर तो ओढून घेत आणि पलीकडून ओला होऊन निघे. रोलर पुठ्ठा ओढतात तसेच बोटही ओढतात. तोंडाशी लोखंडी जाळी लावलेली होती, पण जाळीमुळे पुठ्ठा सरळ जात नसे, म्हणून ती कायम भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली. आत्याच त्या जाळीवर तिचा टॉवेल वाळत घालायची.

श्रावणातल्या एका दुपारी ती बोटाला चिंधी बांधून घरी आली. मधल्या बोटाचं नख मुळासकट गेलं होतं. शेजारच्या बाईने वेळेवर बटण दाबलं, नाहीतर काय झालं असतं ते बोलायला नको. बाबांनी जेवताना ते बोट पाहिलं आणि ताट बाजूला सारलं. उद्यापासून काम बंद, म्हणाले.

“हात माझा हाय,” आत्या म्हणाली. “मी बघीन.”

आता इथे शहाण्या माणसाने गप्प बसावं. मी नुकतीच इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून धामणकर नाक्याला चाचांच्या वर्कशॉपमध्ये लागले होते. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. मी सांगून टाकलं की हात जवळ आला की आपोआप थांबेल असं मशीन मी दिवाळीच्या आत करून देते. बाबा म्हणाले, ठीक, दिवाळीपर्यंत. आत्याने माझ्याकडे असं काही पाहिलं की आजही आठवलं की छाती फुगते. घरात तिच्या बाजूने बोलणारं पहिलंच माणूस मी होते.

चाचा म्हणजे भिवंडीतल्या जुन्या कोकणी मुसलमान घराण्यातले. घरचे लूम होते, पण यांचा जीव कापडापेक्षा मोटरच्या स्टार्टरमध्ये. नाक्यावर रिक्षावाल्यांचा कल्ला, बाजूला लूमची धडधड, आणि मधल्या त्या अंधाऱ्या खोलीत वॉर्निश आणि सोल्डरचा वास. चहा आला की चाचा आधी रेडिओ बंद करत, मग कप हातात घेत. दोन कामं एकदम करू नयेत, असा त्यांचा नियम होता. मला त्या खोलीची अजून इतकी आठवण येते की कुठे सोल्डर वितळला तरी मी क्षणभर थांबते.

त्यांनी मला समजावलं ते असं. धातूची एक थाळी घ्यायची आणि तिला वीज द्यायची. तिच्याभोवती विजेचा पसारा तयार होतो, चुलीभोवती धग असते तसा. डोळ्यांना काही दिसत नाही, पण माणसाचा हात त्या पसाऱ्यात शिरला की थाळीला ते कळतं. हात धातूचा नसला तरी चालतं, कारण माणूस म्हणजे बहुतेक पाणीच. कोरड्या पुठ्ठ्याचं तिला फारसं काही वाटत नाही. म्हणजे पुठ्ठा जाऊ द्यायचा, हात अडवायचा. ऐकायला किती सोपं.

मी थाळीसाठी आत्याच्या मसाल्याच्या डब्याचं झाकण पळवलं. वर्कशॉपच्या टेबलावर ते असं काही चाललं की काय सांगू. वीतभर अंतरावर हात आला की दिवा पेटे. मी ऐटीत कारखान्यात गेले, झाकण रोलरच्या तोंडावर बसवलं, आणि दिवा पेटला तो विझेचना. हात नाही, पुठ्ठा नाही, तरी दिवा चालू. माझ्या थाळीला आजूबाजूचं सगळं लोखंडी मशीनच हात वाटत होतं.

चाचा हसले. म्हणाले, शील्ड घाल. थाळीच्या मागे आणि भोवती धातूचं कडं, म्हणजे पसारा मशीनकडे जाणार नाही, फक्त समोर जाईल. मी घरी येऊन सांगितलं की मला शील्ड पाहिजे. बाबांनी विचारलं, कुठल्या स्पर्धेत?

कडं मी अगदी थाळीला खेटून बसवलं, जितकं जवळ तितकं संरक्षण जास्त, या हिशेबाने. मशीन दिसायचं बंद झालं खरं, पण हातही दिसायचा बंद झाला. थाळीला जवळजवळ टेकला तेव्हा कुठे दिवा लागे. तेवढ्यात रोलरने बोट खाल्लंही असतं. दोन आठवडे मी सर्किट बदलत राहिले, तारा बदलल्या, ज्याने त्याने सांगितलेलं सगळं करून पाहिलं. शेवटी चाचांनी झाकण हातात घेतलं, झाकण आणि कडं यांच्यातल्या फटीकडे पाहिलं आणि म्हणाले, “बेटा, शेजार खेटून असला की माणूस उंबऱ्यावरच गप्पा मारून परत फिरतो. शेजार जरा लांब ठेव, मग तो नाक्यापर्यंत जाऊन येतो. गाळा वाढव.”

इतकंच होतं. थाळीतून निघालेला पसारा शेवटी कड्याकडेच परततो. कडं जवळ, तर परतीची वाट आखूड. कडं लांब, तर वळसा मोठा, आणि त्या वळशात हात लवकर सापडतो. फार लांब ठेवलं तर मात्र वाटेल ते सापडतं, ओलसर पुठ्ठासुद्धा. तीन वर्षं कॉलेजात जे डोक्यावरून गेलं ते मला एका वाक्यात कळलं.

चाचांनी त्या दिवशी घरी बसून गणितही मांडलं आणि उत्साहाच्या भरात आमच्या घरी फोन केला. मी अजून पोचले नव्हते. फोन बाबांनी घेतला. चाचा म्हणाले, मुलीला सांगा, तिचा गाळा लहान पडतोय. दुप्पट करायला पाहिजे, तरच तिचं काम पुढे जाईल.

बाबांनी मला काही सांगितलं नाही. वळचा माणूस, गाळा म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर पत्र्याचं छप्परच येणार. मुलीला स्वतःचं वर्कशॉप काढायचंय आणि लाजून ती बोलत नाहीये, असा त्यांनी अर्थ लावला. त्यांना मनापासून आनंद झाला असणार, हे मला आता कळतं. आणि एका दगडात दोन पक्षी मरत होते. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते खोक्याच्या कारखान्यात गेले आणि मालकाला म्हणाले, महिनाअखेर गाळा रिकामा करा, माझ्या मुलीला पाहिजे.

आत्याने हे मशीनपाशी उभं राहून ऐकलं. ती हातातला पुठ्ठा खाली ठेवून निघाली ती शेअर रिक्षात बसून थेट धामणकर नाक्याला. त्याआधी ती एकटी कधी तिकडे आली नव्हती. विचारत विचारत तिने वर्कशॉप शोधलं. मी मान वर केली तर दारात आत्या, हातांवर खळ वाळून पांढरे पापुद्रे सुटलेले.

“तुला माझीच जागा पायजे व्हती?” तिने विचारलं. “सांगितलं असतंस तर मीच सोडली असती. बापाला कनाला पाठवलास?”

मला काही कळेना. कसली जागा, कसला बाप. मी काहीतरी बोलत होते आणि ती ऐकत नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, ते असतं तर बरं झालं असतं. चाचांनी रेडिओ बंद केला. त्यांनी तिला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि कारखान्यात काय झालं ते तिच्याकडून सगळं ऐकून घेतलं. मग कपाळावर हात मारला. टेबलावरचं झाकण उचलून तिच्यासमोर धरलं, झाकण आणि कड्यामधल्या फटीत स्वतःचं बोट घातलं आणि म्हणाले, “आपा, हा गाळा. हा लहान पडत होता. तुमच्याच हातासाठी.”

आत्याने झाकण त्यांच्या हातातून घेऊन उलटवून पाहिलं. मग म्हणाली, “झाकन माझ्या मसाल्याच्या डब्याचं हाय. महिना झाला शोधते मी.”

घरी मी बाबांना सगळा ‘ध’ चा ‘मा’ उलगडून सांगितला. आपलं चुकलं हे त्यांना पहिल्या दोन वाक्यांतच कळलं, पण गावात बोलून बसले होते. दिलेला शब्द परत घ्यायचा तर कारण हवं. त्यांनी अट घातली. रविवारी ते स्वतः कारखान्यात येणार. मशीन खरंच हात पाहून थांबलं तर कारखाना राहील आणि आत्याही राहील. नाही थांबलं तर गाळा रिकामा, मग मी त्यात वर्कशॉप काढो नाहीतर कोंबड्या पाळो.

मी आणि चाचांनी मिळून कडं लांब सरकवलं आणि रोलरच्या तोंडापासून चार बोटांवर हात आला की मशीन बंद होईल असं बसवलं. चाचांनी बजावलं होतं की दिसल्याबरोबर मशीन थांबत नाही. वीज तुटली तरी रोलर थोडे फिरतात आणि हातही पुढे गेलेला असतो. ते अंतर धरून गाळा ठेव. मी तसाच ठेवला. पण शनिवारी हवा दमट होती, पुठ्ठा ओलसर होता, आणि दर दहा-बारा पुठ्ठ्यांमागे मशीन उगाचच थांबू लागलं. मालक वैतागला. उद्या बाबांसमोर असं झालं तर माझं हसं होईल, याची मला भीती वाटली. संध्याकाळी चाचा निघून गेल्यावर मी कडं पुन्हा थोडं आत घेतलं. एक बोटभर. मशीन उगाच थांबायचं बंद झालं. चाचांना मी बोलले नाही.

रविवारी बाबा छत्रीसकट आले. मालक होता, चाचा होते, आत्या तिच्या जागेवर उभी होती. मी पुठ्ठे घालून दाखवले, मशीन नीट चाललं. मग काठीला बांधलेला दुधी भोपळा पुढे केला. भोपळ्यातही पाणीच. रोलर थांबले. मी विजयी मुद्रेने पाहिलं.

“भोपळ्यासाठी कोन मशीन लावतो?” बाबा म्हणाले. “हात घाल.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मशीन पुन्हा सुरू झालं. रोलर फिरत होते, खालच्या रोलरवर खळीचा थर चकाकत होता. मला माहीत होतं की काल मी बोटभर अंतर खाल्लंय. भोपळा मी सावकाश नेला होता. हात किती वेगाने जाईल, रोलर किती फिरतील, माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं. मी हात उचलायचा ठरवला आणि तो उचलला गेला नाही. आयुष्यात मला स्वतःची इतकी लाज परत कधी वाटली नाही.

तेवढ्यात आत्याने हात घातला. तोच हात, मधल्या बोटावर नवं नख अर्धवट आलेला. पुठ्ठा सरकवताना जातो तसाच, सरळ आणि झटकन. खट आवाज झाला. रोलर थांबले. तिने हात मागे घेतला, पदराला पुसला आणि बाबांकडे पाहिलं.

बाबांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. मग मालकाला म्हणाले, राहू द्या गाळा तुमच्याकडेच. आणि निघून गेले. चाचा आनंदाने भजी आणायला धावले. आत्याने पुठ्ठ्यांची चळत पुढे ओढली आणि मला म्हणाली, बाजूला हो, काम हाय.

जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर मी कडं परत जागेवर नेलं. मशीन पुन्हा अधूनमधून उगाच थांबू लागलं. मालकाने कटकट केली, तेव्हा मी त्याला पुठ्ठे जमिनीवर न ठेवता फळ्यांवर रचायला लावले. त्याने ओल कमी झाली आणि कटकटही. आत्या पुढे सहा-सात वर्षं त्या मशीनवर होती, गुडघे बोलायला लागेपर्यंत. तिचं दुसरं नख गेलं नाही.

आता चाचा नाहीत. नाक्यावरची ती खोली पाडून तिथे मोबाईलचं दुकान झालंय. मला स्वतःचा गाळा मिळाला, पत्र्याच्या छपराचा, बाबांनीच दिला. तयार सेन्सर आता बाजारात डझनाने मिळतात, तरी जुन्या मशीनवाले अजून माझ्याकडे येतात. मी काढलेल्या ड्रॉइंगमध्ये कड्याचा गाळा नेहमी थोडा जास्त असतो. नवे इंजिनिअर विचारतात की मॅडम, गणिताने तर एवढा लागत नाही. मी सांगते, राहू दे, सवय आहे.

आत्या गेली त्याच्या आदल्या थंडीत मी वळला गेले होते. ती ओटीवर उन्हात वाल सोलत बसली होती आणि मी तिच्यासमोर मांडी घालून बसले. त्या रविवारचं तिला सांगून टाकावं, असं माझ्या मनात कितीदा आलं असेल. दर वेळी वाटायचं, आता जुनं झालं, कशाला. आणि त्या दिवशी तिनेच विषय काढला, वालाच्या ढिगावरून नजर न उचलता.

“त्या दिवशी गाळा किती राहिलता गं?”

“चार बोटं,” मी म्हणाले. इतक्या वर्षांनीही तोंडातून खोटंच निघालं.

ती सोलत राहिली. दोन-चार दाणे माझ्या बाजूला सरकवले, म्हणजे मीही सोलावेत.

“नखाला खळ लागलती,” ती म्हणाली. “लगेच पदराला पुसली. तुझ्या बापाला दिसली असती.”